मयताच्या बातम्या, आल्या त्या क्रमानं

संपादकांचा फोन आला. "रेडिओनं तुमचं आयुष्य कसं बदललं ते लिहा," म्हणाले. मी सांगितलं, नाही बदललं. रेडिओ येण्याआधी मी विड्या वळत होते, रेडिओ गेल्यावर निंदणाला जात होते, आणि आता गुडघे गेले म्हणून घरी बसते. मधली काही वर्षं खुर्चीवर बसले, एवढाच फरक. ते म्हणाले, "मग जे झालं ते लिहा." तर ते लिहिते. मी चौथी शिकलेली बाई आहे. वाक्यं छोटी लिहिते, कारण मोठ्या वाक्यात खोटं बोलायला जागा फार असते.

माझं नाव शेवंताबाई. गाव पवनी तालुक्यात, कोंढ्यापासून फार लांब नाही. गावाचं नाव देत नाही. या गोष्टीतली काही माणसं अजून आहेत आणि मला अजून त्याच नळावर पाणी भरायचं आहे.

झालं असं, की युरोपातल्या एका थंड देशाच्या सरकारला कळलं की आपल्याकडच्या खेड्यांतली माध्यमं अशक्त आहेत. तिथे बर्फात बसून त्यांना हे कसं कळलं, देव जाणे. माध्यम म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं, ते अशक्त असल्याचं तर सोडाच. पण एकदा मोठ्या देशानं ठरवलं की तुम्ही अशक्त आहात, की ते टॉनिक पाजल्याशिवाय राहत नाहीत. पैसा त्या देशाचा, संस्था पुण्याची, खोली भाऊरावांची आणि घसा आमचा, असा आमचा गावरेडिओ सुरू झाला.

भाऊराव म्हणजे गावातले मोठे धानवाले. त्यांच्या गोदामाशेजारच्या खोलीत रेडिओ बसवला. म्हणून ते रेडिओच्या समितीचे अध्यक्ष झाले. समिती म्हणजे भाऊराव, आणि ते बोलले की माना हलवणारी बाकीची मंडळी.

माझी निवड कशी झाली ते सांगते. आम्ही बायका एका ओसरीत बसून विड्या वळायचो. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू द्यायचा, आम्ही वळायचो. हात कामात, कान रिकामे. म्हणून एकीनं पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी तिच्या वाटच्या विड्या वळून द्यायच्या, अशी आमची रीत होती. ती वाचणारी मी. किती वर्षं वाचला पेपर! तंबाखूच्या धुळीत, पोरांच्या रडण्यात, ठेकेदाराच्या शिव्यांत. पुण्याच्या संस्थेचा मकरंद नावाचा तरुण माणूस गावात आवाज शोधत फिरत होता. त्यानं ओसरीच्या बाहेर उभं राहून ऐकलं आणि आत येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही रेडिओवर बोलाल का?"

मी म्हटलं, "विड्या कोण वळन?"

तो हसला. मी गंमत करत नव्हते.

मग एल्साबाई आल्या. उंच, उन्हानं लाल झालेल्या, माणूस म्हणून वाईट नाहीत. त्या आम्हाला पत्रकारिता शिकवायला आल्या होत्या. भिंतीवर रंगीत कागद चिकटवायच्या आणि इंग्रजीत बोलायच्या. मकरंद मराठी करून सांगायचा. आठवडाभर शिकवलं. बातमी कशी आणायची, कोणाला काय विचारायचं, सत्तेतल्या माणसाला प्रश्न कसा करायचा. आम्ही वही भरभरून शिकलो. शेवटच्या दिवशी मी विचारलं, "मंग बातम्या कवापासून सांगाच्या?"

मकरंदनं मान खाली घातली. "आजी, आपल्या देशाच्या नियमात अशा छोट्या रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सरकारी रेडिओच्या बातम्या तेवढ्या जशाच्या तशा लावता येतात. आपण फक्त सूचना द्यायच्या. हवामान, विजेची लाइन कधी जाणार, लसीकरण, हरवलं-सापडलं, असं."

"मंग ह्या बाईनं हप्ताभर काय शिकवलं?"

"ते त्यांच्या प्रकल्पात होतं."

आठवडाभर पोहायला शिकवावं आणि मग सांगावं, नदीत उतरायला बंदी आहे. माझ्या शेजारी बसलेली पोरगी खुदकन हसली. एल्साबाईंना वाटलं, शिकवण आवडली. त्याही हसल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी खरी शिकवली, ती नाकारत नाही. कोणतीही खबर दोन ठिकाणांहून पक्की झाल्याशिवाय बोलायची नाही. हे मी आजही पाळते. गावात दुसरं कोणी पाळत नाही.

आता मूळ गोष्ट. रेडिओ सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि एल्साबाईंनी गावोगाव विचारून घेतलं, तुम्हाला काय ऐकायला आवडेल. त्यांच्या मनात होतं, लोक म्हणतील आरोग्य, शेती, स्त्रियांचे हक्क. लोकांनी एकच सांगितलं. मयत सांगा.

शहरातल्या वाचकाला हे विचित्र वाटेल. आमच्याकडे मयताला न जाणं म्हणजे नातं तोडणं. आणि बाया असतात धानाच्या बांधीत, चिखलात. फोन घरी, नाही तर चार्जिंगला दुसऱ्याच्या घरी. जंगलाकडच्या गावांत फोन लागतच नाही. पण धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, झाडाला एक छोटा रेडिओ टांगलेला असतो. रोवणीच्या वेळी गाणी लागतात ना. त्या रेडिओवर मयताची खबर आली तर बाई चिखलातून तशीच निघून जाते.

समितीची बैठक झाली. भाऊरावांनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहून गोड आवाजात म्हणाले, "मंग शेवंताबाईच सांगन. त्याईच्याकडं हे काम पयलेपासूनच हाय."

गावातल्या सगळ्यांना त्याचा अर्थ कळला.

बाहेरच्या वाचकासाठी फोड करून सांगते. छप्पन सालाच्या आधी गावात कोणी मेलं की त्याच्या सोयऱ्यांच्या गावी खबर घेऊन जायचं काम आमच्या लोकांचं होतं. ऊन असो, नदीला पूर असो. हातात काठी, अंगणाच्या बाहेर उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं, अमका वारला. आत यायचं नाही. पाणी वरून ओंजळीत. परत येताना सुपातून मूठभर धान पदरात. माझ्या बापानं हे काम केलं. छप्पन साली तो नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि ती काठी चुलीत घातली. त्या काठीवर आईनं भात शिजवला. मी तेव्हा अगदी लहान होते, मला ते आठवत नाही, पण घरात हे इतक्यांदा सांगितलं गेलं की मला त्या भाताची चव ठाऊक आहे. बाप म्हणायचा, आता कोणाचं मरण आपल्या पायानं जाणार नाही.

मी बैठकीत उठून म्हटलं, "आमच्याकडं हे काम नाही. ते काम जळलं. तुमच्या बापाले माहीत होतं, तुमाले कोणी सांगतलं नसन तर मी सांगतो." आमच्या बोलीत बाईही 'सांगतो'च म्हणते.

एल्साबाईंनी मकरंदला विचारलं, काय चाललंय. त्यानं काही तरी सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. मकरंद माझ्याकडे वळून अडखळत म्हणाला, "मॅडम म्हणतात, ही फार मोलाची लोकपरंपरा आहे. आपलं देशी संवादमाध्यम. तुमच्या हातात तशी काठी देऊन एक फोटो काढता येईल का? अहवालाच्या मुखपृष्ठासाठी."

मी मकरंदला म्हटलं, "मी आता बोलतो ते जसंच्या तसं त्याईले सांग." आणि मी बोलले. ते इथे छापता येणार नाही. मकरंदनं भाषांतर केलं. एल्साबाईंनी हसून मान डोलावली. त्यावरून मला कळलं, त्यानं काय भाषांतर केलं असेल.

मी घरी आले ते रेडिओ सोडायचं ठरवूनच. शेजारी जनाबाई राहायची. विडीच्या ओसरीत माझ्या वाटच्या विड्या सगळ्यात जास्त तिनं वळल्या. नवरा लवकर गेला, एकच मुलगी सुमन, ती नाल्यापलीकडच्या गावात दिलेली. जनाबाईचं तोंड माझ्यापेक्षा तिखट. मी सगळं सांगितलं. ती विडीचा पत्ता कातरत ऐकत होती.

"अवो शेवंता," ती म्हणाली, "तुह्या बापानं कोणाकोणाचं मरण सांगतलं?"

"गावाचं. पाटलाचं, मालगुजाराचं, सगळ्याईचं."

"अन् आपलं मरण सांगाले कोण गेलं होतं? माहा बाप मेला तवा माह्या आतीले, त्याच्या सख्ख्या बहिणीले, पंधरा दिसांनी मालूम झालं. बाजारात. भाजी घेता घेता."

तिनं कातर खाली ठेवली.

"तुहा बाप अंगणाबाहेर उभा राहून सांगे. तू खुर्चीवर बसून सांगशील. अन् त्याईच्या घरात, त्याईच्या चुलीपाशी आयकू जाईन. काहून सोडून राहिली मंग? फक्त आपलंबी मरण सांग. त्याईच्यासारखंच सांग. अन् माहं सांगशील तवा जरा जोरानं सांगजो, माही सुमन अर्धी बहिरी हाय."

"तू कायले मरतं? तू सगळ्याईले पोचवून मरशीन."

"तेबी खरंच हाय," ती म्हणाली आणि पुढचा पत्ता घेतला.

दुसऱ्या दिवशी मी समितीला सांगितलं, वाचते. पण माझ्या रीतीनं. गावातलं कोणतंही मयत, कोणत्याही वस्तीचं, ज्या क्रमानं खबर येईल त्या क्रमानं. वाक्य सगळ्यांना एकच. कोणाच्या नावामागे पाटील नाही, कोणाच्या नावापुढे प्रतिष्ठित नाही. भाऊरावांनी चटकन हो म्हटलं. मोठ्या घरच्या मरणाआधी लहान घरचं मरण येऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांच्या हिशेबानं आम्ही मरतो ते नेहमी नंतर.

आता थोडं या कामाबद्दल. नियमात ती सूचना, पण लोक म्हणायचे मयताच्या बातम्या; रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. लोकांना वाटतं, कागद बघून वाचायचं, त्यात काय. मयत वाचायची एक पद्धत आहे आणि ती मी बसवली. आधी गावाचं नाव, मग वस्ती किंवा आळी, मग माणसाचं. नाव आधी घेतलं तर काय होतं, सांगते. तुम्ही म्हटलं 'रमेश', की ज्या बाईचा भाऊ रमेश आहे तिच्या हातातलं भांडं पडतं. मग तुम्ही सांगता दुसऱ्याच गावचा रमेश. तोवर तिचा जीव अर्धा गेलेला. म्हणून आधी गाव. ज्यांचं गाव नाही ते मोकळे होतात, ज्यांचं आहे ते जागे होतात. शेवटी, ज्याला कळायलाच पाहिजे त्या एका माणसाचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, यांनी ऐकावं. एवढंच. दुःखद, शोकाकुल असले शब्द नाहीत. रडायचं ते लोक रडतील, निवेदकानं त्यांच्या वाटचं रडू नये.

आणि एक नियम समितीनं ठराव करून घातला होता. वाचता वाचता लाइन गेली तर आल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचायचं, कारण कोणी काय ऐकलं आणि काय नाही हे आपल्याला कळत नाही. लाइन सारखीच जायची. त्या देशातून मोठी बॅटरी आली होती. तिला आपला पहिलाच उन्हाळा सोसला नाही. फुगून बसली. पण दर पाहणीला तिच्यावरची धूळ पुसायची आणि पाहुण्यांना दाखवायची, असा शिरस्ता होता. पाहुणे तिचा फोटो काढायचे.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एक दिवस फोन आला.

"हॅलो, मयताची खबर लिहा."

"सांगा. गाव?"

"आपलंच."

"कोण वारलं?"

"दयाराम."

आवाज दयारामचाच. म्हातारा आमच्या गावचाच, मी त्याला त्याच्या लग्नाच्या आधीपासून ओळखते.

"दयाराम, तू कवा मेला?"

तो म्हणाला, "आता पायटी," म्हणजे पहाटेच.

"आमचा नियम हाय. दोन ठिकाणाहून खबर पक्की झाली पायजे. एक तू सांगतलं. दुसरं कोण सांगन?"

"बायको हाय ना. देऊ काय फोन?"

बायको खरंच फोनवर आली आणि म्हणाली, "हो बाई, गेले." मागून हा खोकत होता.

मग कळलं ते असं. पोरगा जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहतो. फॅक्टरीची बस त्याला रोज दारातून नेते आणि आणून सोडते, पण गावची बस काही त्याला दिसत नाही. दोन दिवाळ्या आला नाही. दयारामनं विचार केला, जिवंत बापाला येत नाही, मेल्यावर तरी येईल.

मी म्हटलं, "मेल्याची खबर देणार नाही. जिवंत असल्याची देतो." आणि संध्याकाळी वाचलं: आपलं गाव, शाळेमागची आळी, श्री. दयाराम हे जिवंत आहेत. मुलानं ऐकावं.

आमचा आवाज जवाहरनगरपर्यंत पोचत नाही. पण गावातल्या लोकांनी त्याला एवढे फोन केले की पोरगा रविवारी आला, तोही माझ्यावर ओरडायला. "आमची इज्जत घालवली," म्हणाला. मी म्हटलं, "आलास ना? जेवून जा बापाकडं." जेवून गेला. त्यानंतर पुन्हा आला की नाही मला माहीत नाही. मी रेडिओवाली होते, सुनावणीवाली नव्हते.

ही गोष्ट मकरंदनं इंग्रजीत लिहून पाठवली. तिकडे ती फार गाजली म्हणे. वृद्धांचं सक्षमीकरण असं काही तरी नाव दिलं होतं. दयाराम सक्षम झाला नाही. पुढच्या वर्षी खरंच मेला. तेव्हा मी दोन ठिकाणी विचारूनच वाचलं.

रेडिओ कसा बंद पडला ते इथेच उरकते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. आधी समितीनं ठराव केला की निवेदक दहावी पास हवा. म्हणजे मी बाहेर. त्यामागचं कारण पुढे कळेलच. मग त्या थंड देशात निवडणूक झाली आणि नव्या सरकारचं लक्ष दुसऱ्या खंडातल्या अशक्त माध्यमांकडे गेलं. एल्साबाईंनी शेवटच्या भेटीत सांगितलं, आता तुम्ही आपल्या पायावर उभे आहात. खोलीचं लाइटबिल कोण भरणार ते त्यांनी सांगितलं नाही. टॉवर अजून आहे. लाल दिवा बंद आहे. खोलीत भाऊराव खताची पोती ठेवतात. फुगलेली बॅटरीही तिथेच आहे, कोणी भंगारात घेत नाही. माध्यमं किती सशक्त झाली ते त्यांचं त्यांना ठाऊक. गोदाम मात्र सशक्त झालं, त्याला नवीन रंग मिळाला.

आता तो दिवस.

धानकापणी चालू होती. त्याच दिवशी त्या देशातून दोन पाहुणे पाहणीला येणार होते, एल्साबाई सोबत. सकाळी जनाबाई चहा ठेवायला उठली आणि चुलीपाशीच पडली. मला आवाज आला म्हणून मी गेले. मी पोचेपर्यंत संपलं होतं. आशा वर्कर आली, तिनं नाडी पाहिली, मान हलवली. दोन ठिकाणाहून पक्कं झालं.

सुमनचा फोन बंद. तिच्या शेजारणीला लावला. ती म्हणाली, घराला कुलूप आहे, सुमन कापणीच्या टोळीत गेली, कोणाच्या बांधीत ते माहीत नाही, अंधार पडल्यावर येईल. आमच्या स्मशानात दिवा नाही, अंधारात नेता येत नाही. आणि रात्रभर थांबावं तर सगळे रोजीवाले, कापणीचे दिवस. ठरलं की दुपारी तीनपर्यंत वाट पाहायची, मग उचलायचं. म्हणजे सुमनला आईचं तोंड दिसायचं तर एकच रस्ता होता. सकाळच्या मयताच्या बातम्या. संध्याकाळच्या बातम्यांचा काही उपयोग नव्हता.

मी जनाबाईचं लुगडं नीट केलं आणि रेडिओवर गेले. तिच्यापाशी बसायचं सोडून गेले, हे आजही बोचतं. पण बसून काय केलं असतं?

खोलीत पोचले तर पाहुणे काचेच्या पलीकडे कानाला यंत्र लावून बसलेले. मी जनाबाईची खबर लिहिली. तेवढ्यात भाऊरावांचा पुतण्या धावत आला. भाऊरावांची आई वारली होती. म्हातारी बरेच दिवस अंथरुणावर होती. मी तिचीही खबर लिहून घेतली.

पुतण्या म्हणाला, "काकानं सांगतलं, आज सकाळी फक्त आजीचीच सांगा. मंग भजन लावा. बाकीचं संध्याकाळी."

"बाकीचं म्हणजे?"

त्यानं माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. "तेच. तुमच्या वस्तीचं."

मी म्हटलं, "दोन्ही सांगतो. आल्या क्रमानं."

मकरंद मध्ये आला. बिचाऱ्याला घाम फुटला होता. "आजी, आजचा दिवस. खोली त्यांची आहे. पाहुणे बसलेत." मग आत जाऊन एल्साबाईंशी बोलून आला. "मॅडम म्हणतात, दोन्ही कुटुंबांच्या भावना जपायला हव्यात. संध्याकाळच्या बातम्यांची सुरुवात जनाबाईंपासून करू. त्यांचा मान पहिला."

"मकरंद," मी म्हटलं, "संध्याकाळी जनाबाई राहणार नाही, राख राहणार हाय. तुह्या मॅडमले इचार, राखेले मान कसा देतेत."

त्यानं विचारलं नाही. मी आत जाऊन बसले आणि माइक चालू केला.

वाचलं. आपलं गाव. तलावाकाठची वस्ती. श्रीमती जनाबाई यांचं आज सकाळी निधन झालं. अंत्यविधी दुपारी तीन वाजता. मुलगी सुमन हिनं ऐकावं.

जोरात वाचलं. ती अर्धी बहिरी म्हणून.

पुढचं वाक्य तोंडात आलं आणि सगळं बंद झालं. पंखा बंद, दिवा बंद, माइक मेला. खोलीबाहेरच्या ओसरीतलं विजेचं मोठं बटण कोणी तरी ओढलं होतं. कोणी, ते सांगायची गरज नाही. पहिलं नाव आपल्या आईचं आलं नाही, हे गोदामामागच्या आपल्या घरात रेडिओवर ऐकून भाऊराव ओरडले असणार आणि पुतण्यानं धावत येऊन बटण ओढलं असणार.

काचेपलीकडचे पाहुणे हळूच उठले. कानावरची यंत्रं काढली, हात पुढे बांधले, माना खाली घातल्या आणि उभे राहिले. एल्साबाईही. त्यांना वाटलं, मृतांसाठी आम्ही शांतता पाळतो आहोत. लाइन गेली म्हणून आदरानं उभी राहणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मकरंदनं त्यांना खरं सांगितलं नाही. तोही मान खाली घालून उभा राहिला.

थोड्या वेळानं भाऊराव स्वतः आले. पायात चपला नाहीत, डोळे लाल. आई गेलेला माणूस होता, हे मी विसरत नाही. त्यांच्या म्हातारीचा भाऊ जंगलाकडच्या गावात राहतो. तिथे फोन लागत नाही. आणि बाई मेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. रागात बटण ओढायला लावलं आणि मग घरातल्या बायकांनी विचारलं असणार, मामाले कसं मालूम होईन? मोटरसायकल पाठवली असती तर जाऊन-येऊन दुपार गेली असती, आणि म्हाताऱ्याला शेतात शोधायचं ते वेगळंच.

"लाइन चालू केली," ते म्हणाले. "वाचा, शेवंताबाई. आईचं वाचा."

"वाचतो. पयलेपासून वाचतो."

"जनाबाईचं झालं ना आता!"

"झालं. पर लाइन गेली होती. लाइन गेली तर पयलेपासून. तुमच्याच समितीचा ठराव हाय, भाऊ. सही तुमचीच हाय."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी माइककडे पाहत राहिले. बाहेर बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता, आणि मामा जंगलाकडे कुठे तरी धान कापत होता.

"वाचा," ते म्हणाले आणि दारातच उभे राहिले.

मी वाचलं. आपलं गाव. तलावाकाठची वस्ती. श्रीमती जनाबाई. भाऊराव हात बांधून ऐकत होते. सगळं वाक्य, शेवटपर्यंत. सुमन हिनं ऐकावं. मग त्यांच्या आईचं. आपलं गाव, मोठी आळी, नाव, वेळ, भाऊ यांनी ऐकावं. तेच वाक्य, तीच चाल, तोच श्वास. एक अक्षर कमी नाही, एक अक्षर जास्त नाही. म्हातारीनं माझं काही वाईट केलं नव्हतं.

मामा वेळेवर आला, लुगडं घेऊन. महिन्याभरात समितीनं दहावीचा ठराव केला. पाहुण्यांच्या अहवालात त्या दिवसाबद्दल लिहिलं होतं, मृतांना हृद्य सामुदायिक मानवंदना. मकरंदनं मला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. त्या एका वेळी तो मला आवडला.

आणि सुमन. ती तीनच्या बरीच आधी आली, हातात विळा तसाच, पायाला नाल्याचा चिखल. आईपाशी बसली, तोंडावरून हात फिरवला. रडून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाली, "मावशी, पयल्यांदा सांगतलं तवा मळणीची मशीन चालू होती. तलावाकाठची वस्ती एवढंच आयकू आलं. म्या मशीनवाल्याले म्हटलं, बंद कर जरा, बंद कर. मशीन बंद झाली तं रेडिओच बंद. म्या तशीच उभी राहिली धुऱ्यावर, कान लावून. मंग तुमी पुन्हा सांगतलं."

भाऊरावांनी बटण ओढायला लावलं नसतं तर सुमन अंधार पडेपर्यंत धान कापत राहिली असती. त्या माणसानं गावासाठी रेडिओवर एवढं एकच काम चांगलं केलं, आणि तेही रागात.